हाकेचं नाव

इथे झाशीत आमच्या समोरच्या घरात राहणारा तिशीचा मराठी माणूस आमच्याकडे चहाला आला, तरी लॅपटॉप उघडायचा झाला की भिंतीला पाठ लावूनच बसतो. मागून कोणी पडद्यात डोकावलेलं त्याला चालत नाही. मराठीत सुरू केलेलं वाक्य तो बहुतेक हिंदीत संपवतो.

फोटो कुठे आणि कोणत्या फोनने काढला, ही आतली माहिती पुसणारा एक प्रोग्रॅम त्याने केलाय. वाळूच्या चोरट्या ट्रकांचे फोटो काढणारे लोक तो वापरतात, म्हणून वाळूवाले आपल्याला शोधत येऊ नयेत यासाठी त्यावर त्याने स्वतःचं नाव घातलं नव्हतं.

मी सहज त्या प्रोग्रॅमची तयार फाइल मजकूर वाचायच्या साध्या एडिटरमध्ये उघडली. सगळा अगम्य मजकूर, आणि मध्येच त्याच्या फोल्डरचा अख्खा पत्ता! लिहिलेल्या कोडची चालणारी फाइल बनवताना, म्हणजे कंपाइल करताना, तो आपोआप आत गेला होता. त्यात त्याच्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचं नाव होतं, म्हणजे त्याचं घरातलं लाडाचं मराठी नाव. झाशीत ती हाक ऐकू येते असं घर एकच.

"काका, दुसऱ्यांचं पुसत बसलो, और अपना ही रह गया," मी दाखवल्यावर एवढंच तो म्हणाला. 'काम' नावाचं नवं खातं काढून त्याने प्रोग्रॅम पुन्हा तयार केला आणि माझ्यासमोर त्यात ते नाव शोधून पाहिलं. सापडलं नाही. पण लोकांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती थोड्याच परत येणार होत्या?

हल्ली त्याच्याच सांगण्यावरून त्याची आई सज्ज्यातून "भैया" अशी हाक मारते. पहिल्या हाकेला तो ओ देत नाही.