चाचांच्या बेचाळीस पुड्या

मासा हातात घेतला की चाचा आधी त्याचं वय सांगायचे, भाव नंतर. नेरच्या बाजारात मासे विकणारे पुष्कळ. पण गिऱ्हाइकाला "दोन सालचा गडी आहे, सांभाळून न्या" असं बजावणारे हे एकटेच. अख्खा बाजार त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही.

माझं त्यांच्याकडचं काम जरा विचित्र होतं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माहेर यवतमाळचं, कचेरीत नोकऱ्या करणाऱ्यांचं, पक्कं शाकाहारी. रोहू हा मूळचा उत्तरेकडच्या नद्यांमधला मासा. आमच्याकडे त्याचं बीज तलावात सोडतात. इथल्या उन्हाळ्यात तो वर्षाला किती वाढतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी मला मासा नको होता, नुसते खवले हवे होते. झाडाच्या खोडात असतात तशी खवल्यावरही वर्षावर्षाची वलयं उमटतात. पहिल्यांदा मागितले तेव्हा चाचा हसले. "फेकाची चीज मांगून राह्यल्या, अन् तेही लाजून!" त्या दिवसापासून ते खवले कागदाच्या पुडीत बांधून, वर माशाची लांबी लिहून ठेवू लागले.

चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की पुड्यांमध्ये लहान मासा एकही नाही. विचारलं तर मोठ्या अभिमानानं म्हणाले, "बारीकसारीक खवले मॅडमले कायले द्या? चांगले चांगले निवडून देल्ले मी." लेकीच्या घरी आंबे पाठवताना डागी बाजूला काढावेत, तसं केलं होतं त्यांनी. आणि मी शहाणी, भर बाजारात ओरडले, "चाचा, लहानमोठे सगळेच हवे होते मला! माझं सगळं काम पाण्यात घातलंत तुम्ही!" समोरचं गिऱ्हाईक निघून गेलं.

सोमवारी इस्त्रीचा कुर्ता घालून चाचा कॉलेजात हजर. "दाखवा तरी मले, काय पाह्यता त्यात." मी सूक्ष्मदर्शकाखाली खवला ठेवला. वलयं दाट दिसतात तिथं माशाची वाढ थांबली होती, हे सांगितलं. डोळा लावून ते कितीतरी वेळ बसले. मग म्हणाले, "म्हंजे मासोळीवर जे गुजरलं, ते सारं लिहून राह्यते." बाजारातल्या बोलण्याची माफी मागायची, हे माझ्या मनात होतं. मागितली नाही. चहा पाजला.

त्यानंतर लहानमोठा एकही मासा त्यांनी सोडला नाही. आणि पुडीच्या कोपऱ्यात ते आणखी एक आकडा लिहू लागले. तो त्यांचा वयाचा अंदाज. "मशिनीत पाहून सांगजा मॅडम, माह्ये किती बरोबर आले." मी दर वेळी "हो हो" म्हणायची आणि विसरायची.

शेवटचा गठ्ठा त्यांनी होळीच्या सुमारास दिला. खोकत होते, बरेच वाळले होते. "बेचाळीस पुड्या आहेत. या खेपेले नक्की सांगजा." मी म्हटलं, "पाहते हं चाचा." मग परीक्षा आल्या, पेपर आले, आणि गठ्ठा कपाटात गेला. अधूनमधून त्यांचा मिस्ड कॉल यायचा. मी उलट फोन केला नाही, कारण अजून पाहिलं नाही हे कबूल करावं लागलं असतं. त्यातले शेवटचे दोन यवतमाळच्या दवाखान्यातून होते, हे मला मागाहून कळलं.

एका रविवारी बाजारात गेले तर त्यांची जागा रिकामी. "चाचा गेले नं मॅडम, आठ दिवस झाले," शेजारचा कांदेवाला म्हणाला.

तशीच कॉलेजात गेले आणि कपाट उघडलं. एकेक पुडी सोडली, एकेक खवला काचेखाली धरला. बेचाळीसपैकी एकोणचाळीस बरोबर. उघड्या डोळ्यांनी, नुसता मासा हातात धरून! प्रत्येक बरोबर आकड्याला मी रडत होते. सगळ्या पुड्यांना मिळून एक तास लागला. एवढा एक तास मला दोन महिन्यांत सापडला नव्हता.

चाची इद्दतीत होत्या, नवऱ्यामागे पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या शोकात; घराबाहेर पडत नव्हत्या. मीच गेले. त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "चाची, चाचांचे एकोणचाळीस बरोबर आले. तीनच चुकले."

त्यांनी ऐकून घेतलं. माझ्यापुढे पाण्याचा गिलास सरकवला.

"फोन उशाशीच ठेवत होते," त्या म्हणाल्या. "मी म्हणो, कायले वाट पाहून राह्यले? तं म्हणत, मॅडम कामात असतीन. करतीन फोन."