लकव्याचा हात आणि माझं तोंड

काय फजिती झाली माझी, ती मीच सांगते. नाहीतर खोडाळ्याच्या बाजारात कुणीतरी वाढवून सांगेलच.

माझ्या नवऱ्याला लकवा मारला. जीव वाचला, पण उजवा हात लोंबता राहिला. भाताची आवणी, म्हणजे रोपं लावायची वेळ, दोन-तीन महिन्यांवर आलेली, नांगर कोण धरणार? मोखाड्याची डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, हाताला काही झालेलं नाही. बिघाड डोक्यात आहे."

"ते मला लग्नापासून माहीत आहे," मी म्हटलं.

ती हसली, मग नीट समजावलं. डोक्यात बारीक बारीक पेशी असतात. एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, मधे फट. एक पेशी त्या फटीत रस सोडते, तो दुसरीला लागतो, दुसरी तिसरीला कळवते. म्हणजे आपण बाया या बांधावरून त्या बांधावर हाक देतो तसंच की. यातल्या काही पेशी मेल्या, म्हणून हाताला निरोप जात नव्हता. पण हात रोज हलवला तर उरलेल्या पेशी आपसात नवी वाट पाडतात. जितकी वापराल तितकी पक्की.

"चांगला हात थोडा वेळ बांधून ठेवा आणि लकव्याच्या हातानं काम करून घ्या."

नवऱ्याकडून काम करून घ्यायचं मला कुणी शिकवायला हवं का? आमच्याकडं नवा गोऱ्हा औताला जुंपतात, तेव्हा मागच्या माणसानं तोंड बंद ठेवायचं नसतं. हाक थांबली की गोऱ्हा थांबला. मी गोऱ्हे शिकवलेत. तसंच केलं. डावा हात पंच्यानं बांधला आणि सुरू. "उचल तांब्या, मुडद्या. जेवताना बरा हात चालायचा तुझा." सगळा पाडा ऐकायचा. पण हात उचलायला लागला.

दाखवायला गेलो तेव्हा जीपमधल्या सगळ्यांना सांगत गेले, डॉक्टरिणीनं नुसतं सांगितलं, करून दाखवलं मी.

डॉक्टरीणबाई हळू म्हणाली, "काका, हात वर करा बरं."

हात मांडीवरच. त्याला घाम फुटला. मला वाटलं, गेली आवणी. मग माझं डोकं फिरलं. "उचल की मेल्या, काय मांडीला शिवलाय?"

हात थेट डोक्यावर.

तिनं परत गोड आवाजात सांगून पाहिलं. हात हलेना. मी ओरडले, वर.

"मावशी," ती तोंडावर रुमाल धरून म्हणाली, "ज्या पेशी एकदम कामाला लागतात त्यांची जोडी जमते. हात हलताना दर वेळी यांनी तुमची शिवी ऐकली. आता निरोप शिवीच्या वाटेनंच जातो."

नवरा म्हणाला, "मग नांगरताना हिला बांधावर उभी करू का?"

"गोड बोलून सवय लावा. तीही वाट पडेल."

घरी आले, त्याच्याजवळ बसले, आवाज बारीक केला. "हात उचल ना रे, राजा."

त्याचा चेहरा पांढराफटक. "खरं सांग, डॉक्टरीण काय म्हणाली? किती दिवस उरलेत माझे?"

शेवटी सुनेनं शिकवलं. ती 'बाबा, जरा पाखडायचं सूप द्या,' म्हणायची आणि हात जायचा. आवणीला नांगर त्यानंच धरला.

आता तो बरा आहे. लकवा माझ्या जिभेला आहे, गोड बोलायला ती उचलतच नाही, आणि तो कधीपासूनचा, हे विचारायची हिंमत डॉक्टरीणबाईलाही झाली नाही.