साहेबांच्या हाताखालची भिंत

घमेलं कितीबी घासा, तळाला थर राहतोच. गवंडीकामात किस्से असेच साचतात. बहुतेक माझ्याच फजितीचे!

मुळशीत धरणाजवळ साठच्या सालचा एक बंगला होता. सपाट स्लॅब, मोठाल्या काचा, काळ्या दगडाची लांबच लांब भिंत. मालक साहेबांची नजर गेलेली, जिना जमेना. म्हणून तीच भिंत पुढं नेऊन खाली एक खोली वाढवायची. साहेब भिंतीला हात लावून घरभर फिरायचे. त्यांची अट एकच: "नवी भिंत हाताला परकी लागली, तर त्या खोलीत पाय ठेवणार नाही!"

मी मनात म्हटलं, आंधळ्याला काय कळतंय!

*

पहिल्याच दिवशी आर्किटेक्ट मॅडमना विचारलं, "भिंतीला प्लास्टर न्हाई. घर अर्धवटच ऱ्हायलंय व्हय?"

"पूर्ण आहे, मिस्त्री. तुम्ही जास्त पूर्ण करू नका!"

*

जुन्या घरात स्लॅब आणि भिंतीच्या मधे दोन बोटं खाच होती. मला वाटलं, कुणीतरी कामचुकारपणा केलाय. सगळी सिमेंटनं बुजवली. मॅडम आल्या, कपाळाला हात लावला. "कोणी केलं हे?"

छाती काढून म्हणालो, "म्या! फुकटात!"

ती मुद्दाम ठेवलेली डिझाइन होती म्हणे. दोन दिवस छिन्नीनं खरवडत बसलो. जोडीदार बबन खालून म्हणतो, "आण्णा, ह्येबी फुकटातच का?"

*

नवी भिंत कंबरेएवढी आली. दगड असे घडवले की आरसाच! साहेबांनी तळवा फिरवला. "मिस्त्री, इथं बाथरूम काढलंय का?"

थापी फेकली, भर दुपारी घरी गेलो. बायको म्हणाली, "अवो, त्यास्नी दिसत न्हाई. तुमाला दिसतंय न्हवं?"

सकाळी आठला गुमान भिंत उतरवायला घेतली.

*

मग डोळ्याला टॉवेल बांधून जुनी भिंत चाचपायला लागलो. कुठं खडबड, कुठं सांधा खोल, सगळं बबनला ओरडून सांगायचो. एकदा तंद्रीत म्हणालो, "हितला दगड लई गुळगुळीत. काढून टाक!"

बबन म्हणाला, "आण्णा, ती मॅडमची गाडी हाय."

मॅडम आतच बसल्या होत्या.

*

खोली झाली. साहेबांच्या घरच्या बाईंनी त्यांना काहीच सांगितलं नाही. नुसतं म्हणाल्या, "चला, जरा फिरून या."

तळवा भिंतीवर ठेवून साहेब निघाले. जुनी भिंत संपली. नवी लागली. हात थांबला नाही. बाईंनी तोंडाला पदर लावला.

साहेब पार नव्या खोलीच्या टोकाला पोचले, वळले आणि माझ्या नावानं ओरडले,

"मिस्त्री! चार महिने नुसती ठोकाठोक ऐकतोय. खोली बांधायला कधी घेणार?"