राहून राहिली

"कशा आहात आत्या?" असं विचारलं की त्या मांडीवरची पिशवी एकदा उचलायच्या, परत मांडीवरच ठेवायच्या आणि म्हणायच्या, "राहून राहिली." बरी नाही, वाईट नाही. राहून राहिली.

तुम्ही वऱ्हाडातले असाल तर तुम्हाला यात काही नवल वाटणार नाही. मी लग्न होऊन साताऱ्याकडून अकोल्यात आले, त्यात मराठीची शिक्षिका. इकडे 'करते आहे'ला 'करून राहिली' म्हणतात, 'येते आहे'ला 'येऊन राहिली' म्हणतात, एवढं मी पहिल्या वर्षातच शिकले होते. पण त्याच हिशेबाने 'राहते आहे'चं 'राहून राहिली' होतं, हे आत्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी गाडीत सगळ्यांदेखत हसले. त्याही हसल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडं काय म्हणतात मंग?"

"राहते."

"बस? एवढंच?" त्यांना ते फारच तोकडं वाटलं.

आम्ही दोघी अप-डाऊनवाल्या. घर अकोल्यात, शाळा अमरावतीत. सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून ऑटोत कोंबून घेऊन शाळा, संध्याकाळी तेच उलटं. मी वर्गावर, त्या ऑफिसात क्लार्क. भावाची मुलं त्यांना आत्या म्हणत, म्हणून गल्ली आत्या म्हणे, म्हणून डबाही आत्या म्हणू लागला. लग्न झालेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अप-डाऊनमध्ये माणसाचं सगळं कळतं, तरी काही गोष्टी वाटेतल्या मूर्तिजापूरच्या पुढे जात नाहीत.

भावाचं घर चांगलं होतं. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर घर. माणसं तर त्याहून चांगली. वहिनी ताटं करताना पहिलं ताट नणंदेचं करायच्या. फक्त आत्यांची खाट हॉलमध्ये होती. घडीची. त्या हॉलला दार नाही, पडदा आहे. सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की खाट उघडायची आणि दूधवाला यायच्या आत मिटायची. कपडे दिवाणाखालच्या बॅगेत. उन्हाळ्यात तर घरातली सगळीच कूलरसमोर हॉलमध्ये झोपायला यायची. आत्या म्हणायच्या, "मे महिन्यात माही खाट म्हंजे बडनेऱ्याचा प्लॅटफॉर्म असते."

एकदा गाडी सिग्नलला अडकली होती. बाहेर काळ्या रानात तुरी वाळत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मॅडम, बाथरूम सोडलं तं मी कोणत्याच दाराची कडी आजवर लावली नाई." तक्रारीचा सूर नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं हे ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात सांगितलं.

"घरच्यांचा त्रास आहे का?" मी विचारलं.

"तेच तं. कोणी वाईट असतं तं भांडून निंगता आलं असतं."

निवृत्तीला थोडे दिवस उरले तेव्हा त्यांनी अमरावतीत शाळेमागे एक खोली पाहिली. मलाही बरोबर नेलं. लहानशी खोली, ओटा, खिडकीत तुळस ठेवण्याएवढी जागा. आत्यांनी आधी दाराची कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली. घरमालकीण बाहेरून म्हणाली, "अवो बाई, अकोल्याले सख्खा भाऊ हाय म्हणता, मंग खोली कावून पाह्यजे? भांडण झालं का?"

आत्या म्हणाल्या, भांडण नाही. घरमालकिणीला ते पटलं नाही. तिची जाऊ अकोल्याची निघाली. बातमीला तिकीट लागत नाही. आमची गाडी पोहोचायच्या आत ती घरी पोहोचली होती. भाऊ ताटावरून उठले. "लोकं म्हणतीन, बहिणीले घराबाहेर काढलं. माहं नाक कापून राहिली का तू?" दुसऱ्या दिवशीही ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आत्या गाडीत पिशवी उचलून परत ठेवत म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम. दादा जेवत नाई."

मला त्या नाकाचा भयंकर संताप आला. आमच्या अकोल्याच्या उन्हात रस्त्याचं डांबर वितळतं, पण ही नाकं काही वितळत नाहीत.

मग त्या मोबाइलवर ते व्हिडिओ बघायला लागल्या. तुम्हीही बघितले असतील. कुणी मुलगा व्हिएतनाममध्ये, कुणी नवराबायको जॉर्जियात, 'कमी खर्चात परदेशात कसं राहाल', आणि मागे समुद्र. मी चेष्टा करायचे. म्हणायचे, आत्या, दुरून डोंगर साजरे. पण त्या समुद्राकडे बघतच नसत. मुलगा आपली खोली दाखवायला लागला की त्या व्हिडिओ थांबवून दाराकडे बघायच्या. "आतून कडी दिसते का पाहा बरं मॅडम. तुमचा चश्मा नवीन हाय."

आणि मोर्शीला नात्यातला एक साखरपुडा झाला. तिथून आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. पिशवी मांडीवर घ्यायचीही विसरल्या. कुणाची तरी मुलगी सिंगापूरला एकटी राहते, नवरा नाही, सासर नाही, आणि तिचा बाप मांडवात मिशीला पीळ देत फिरत होता.

"मॅडम, ध्यानात आलं का? अमरावतीले एकटी राहिली तं भावाचं नाक कापते. पुण्याले राहिली तरी कापते. पण फॉरेनले राहिली तं नाक वर होते!"

इतकी वर्षं मराठी शिकवली, पण नाकाचा असा उपयोग मला सुचला नव्हता.

भावाला त्यांनी जेवताना सांगितलं. इकडे बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात, तसं म्हणाल्या, "दादा, मी फॉरेनले राहायले जातो." भाऊ घास चावत राहिले. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग विचारलं, "कोण्या देशात?"

"नेपाळ."

"हट्! नेपाळ काय फॉरेन हाय? तिथं तं पासपोर्टही लागत नाई."

खरंच लागत नाही. मतदार ओळखपत्र दाखवलं की झालं. म्हणूनच तर त्यांनी तो देश धरला होता. व्हिसाची भानगड नाही, हवा थंड आणि पेन्शनीत भागेल असं भाडं. पण भावाचं नाक पासपोर्टावर अडलं. तेव्हा आत्यांनी मुकाट्याने पासपोर्ट काढला. जिथे लागत नाही तिथे जाण्यासाठी पासपोर्ट काढणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. चौकशीला पोलीस घरी आला. गल्लीने विचारलं, काय झालं हो? भाऊ दुकानाच्या पायरीवर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "काही नाई, आमची बहीण फॉरेनले जाऊन राहिली!" आणि त्या पोलिसालाच पहिला पेढा दिला.

गोरखपूरपर्यंत गाडी, मग सरहद्द, मग नेपाळातल्या पोखऱ्याची बस. सोबत ज्वारीचं पीठ, तिखट, आणि अकोल्याच्या बाजारातून घेतलेलं पितळी कुलूप. मी म्हटलं, तिकडे कुलूप मिळत नाही का? म्हणाल्या, "मिळत असन. पण भरोसा इथल्याचा."

महिनाभराने मी फोन केला. सवयीने विचारलं, "कशा आहात आत्या?"

पलीकडून त्या म्हणाल्या, "राहतो."

बस. एवढंच. मी मराठीची बाई, मला काय झालं ते त्या एका शब्दात कळलं आणि माझे डोळे भरून आले.

खोली वरच्या मजल्यावर होती. खाली मालकाचं कुटुंब. मालकीण त्यांना दिदी म्हणे. तिकडे राहण्याला बसणंच म्हणतात, ते सांगताना आत्या फोनवर खूप हसल्या. "शेजारीण विचारते, दिदी, कुठं बसता? अवो, मी तं उभ्यानं राहतो!" सकाळी खोलीतून बर्फाचा डोंगर दिसे. "मॅडम, तुमची म्हण खोटी हाय. जवळूनही साजरा दिसते." भाकरी त्यांनी मालकिणीला शिकवली, तिला ती अजिबात आवडली नाही. पेन्शनीतून चार पैसे मागे पडत होते, ते त्या भाचीला पाठवत. आणि रात्रीची गोष्ट विचारली तर सांगत, "नऊ वाजता कडी लावतो. झोप येवो न येवो."

एक हिवाळा गेला, एक उन्हाळा गेला. इकडे आमची अंगं भाजत होती आणि त्या फोनवर स्वेटर घातल्याचं सांगत होत्या. भाऊ दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, खताची गोणी मागितली तरी, आधी बहिणीचं सांगत. मीही तोवर निवृत्त होऊन अमरावतीत फ्लॅट घेतला होता. जिन्याने दमायचे, गुडघे कुरकुरायचे. पण आत्यांचा फोन आला की मलाच बरं वाटायचं. आपल्यातली एक तरी सुटली, असं.

मग भावाला लकवा आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. भाची बंगलोरला, भाचा दुकानात, वहिनींची कंबर आधीच गेलेली. वहिनींनी आत्यांना बोलावलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. वहिनी फोनवर नुसत्या रडल्या. चांगल्या माणसांचं हेच वाईट असतं.

आत्या परत आल्या. खोली काही महिने तशीच ठेवली होती. मग मालकिणीला सांगून सोडून दिली.

मागच्या महिन्यात मी अकोल्याला गेले. गाडीत आमच्या खिडकीपाशी दुसऱ्या दोघी बसल्या होत्या, डब्यातली मटकी वाटून खात होत्या. मला उगाच दमल्यासारखं झालं.

भावाचं अंथरूण आता हॉलमध्ये आहे, कारण तिथून बाथरूम जवळ. आत्यांची खाट त्यांच्या पलंगाला लागून. उशापाशी औषधं, फडकी, पाण्याचा तांब्या. आत्या चमच्याने भावाला पेज भरवत होत्या. अर्धी आत जात होती, अर्धी हनुवटीवर येत होती. त्या पुसत होत्या. मला पाहून भावाचा डावा हात हलला. तोंड वाकडं करत, शब्द ओढत ते म्हणाले, "आमची बहीण... फॉरेनले... राहते."

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी पुढचा चमचा भरला.

"हो ना दादा," त्या म्हणाल्या. "राहते. आ कर."

भावाने आ केला. समाधानाने गिळलं. भरवणारी कोण, हे त्यांना कळत नव्हतं. कुणी बाई ठेवली असेल असंच त्यांना वाटतं, वहिनी म्हणाल्या. आल्यापासून एकदाही नावाने हाक मारली नाही. कधी रात्री पाणी मागताना 'बाई' म्हणतात.

मला सोडायला आत्या जिन्यापर्यंत आल्या. माझ्याने राहवेना. म्हटलं, आत्या, ज्याच्यासाठी सगळं सोडून आलात त्याला तुम्ही आल्याचंही कळू नये?

हातात पिशवी नव्हती, तरी मांडीवरचं काही उचलून ठेवावं तसे त्यांचे हात हलले.

"असू द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "मी इथं राहून राहिली. पण दादाच्या डोक्यात तं मी तिकडंच राहतो ना. एका जागी तरी खोली माहीच हाय."

आतून घोगरा आवाज आला, "ओ बाई." त्या लगबगीने वळल्या. पडदा सरकवून आत गेल्या, आणि तो त्यांच्या मागे अर्धवटच बंद झाला.