विलायती कपड्यांचा गठ्ठा

लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात निमगाव सावाजवळची आमची वाडी जळाली. वाऱ्याने ठिणगी उडाली आणि दुपार उतरायच्या आत सगळी छपरं गेली. माणसं वाचली. मला अंगावरचं लुगडं उरलं, सासूबाईंना त्यांचं. रांधायला भांडं म्हणून धड राहिलं नाही.

पुढे परदेशातून मदत आली. पुण्याच्या समितीची मंडळी ट्रक घेऊन आली, झाडाखाली टेबल मांडलं आणि आमच्या दुःखावर इतकं लांब भाषण केलं की ते दुःख दुसऱ्याच कुणाचं वाटू लागलं. मग गठ्ठे सोडले. आत लोकरीचे कोट आणि बायकांचे रेशमी झगे. कुठल्याशा थंड मुलखातल्या भल्या बायकांनी आमच्यासाठी कपाटं रिकामी केली होती.

सासऱ्यांना पोटऱ्यांपर्यंत येणारा ओव्हरकोट मिळाला. ऐन वैशाखात ते तो घालून बांधावर बसत. खिसे लई हाईत, म्हणत. माझ्या झग्याला पाठच नव्हती. सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, बाकीचा मागनं येणार का. शेवटी जुन्नरच्या ओळखीच्या मुसलमान शिंप्याने त्यातून दोन चोळ्या बेतल्या. मजुरी घ्यायला तो तयार होईना.

मग मदत पाठवणाऱ्यांपैकी एक गोरी बाई पाहणीला येणार असं कळलं. समितीने बजावलं, मिळालेले कपडे घालूनच बसायचं. जावेने लुगड्यावरून झगा चढवला. सासरे घामाने निथळत कोटात बसले. बाईंनी आमची ती रांग पाहिली आणि त्या आमच्यासमोर मातीतच बसल्या. तुम्हाला खरं काय हवं होतं, असं त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं. समितीचे अध्यक्ष आमच्या वतीने आभार मानू लागले. सासूबाईंनी त्यांना थांबवलं.

“बाई, पातेली पायजेत. आन छपराला पत्रं. कोट काय शिजवून खाता येत न्हाई.”

शेवटचं वाक्य दुभाष्याने गाळलं असावं, कारण बाई गंभीरपणे मान हलवत राहिल्या.

पाऊस तोंडावर असताना पत्रे आले, पातेलीही आली. समितीही आली, आणि ही कल्पना तिला कशी सुचली यावर भाषण झालं. सासूबाई अर्ध्यातून उठल्या, नवं पातेलं चुलीवर चढवून आमटी केली. जेवताना म्हणाल्या, “त्या बाईला दोन घास द्याया पायजे व्हतं.”