यम्माची लेक

हव्वाबीचं वय सत्त्याऐंशी, आणि त्यातली त्र्याऐंशी वर्षं खोटं बोलण्यात गेली. हौस म्हणून नव्हे, जीव वाचावा म्हणून. एक्केचाळीस साली बगदादेत यहुद्यांची घरं फोडली, माणसं कापली, तेव्हा ही चार वर्षांची पोर नदीवरच्या आगबोटीत कोळशाच्या गोणींमागे लपलेली सापडली. सापडली ती रत्नागिरीच्या एका खलाशाला. त्यानं ती आपली लेक म्हणून घरी आणली.

वाटभर तो तिच्याकडून घोकून घ्यायचा. नाव काय? हव्वा. आयचं नाव? आमिना. पोर 'यम्मा' म्हणून रडली की तेलकट पंजा तोंडावर. कुणाला बोलायचं नाही, खलास. माणूस सोन्यासारखा होता, पण पंजा तो पंजाच.

भाषा गेली, घर गेलं, आईचा चेहराही गेला. एकच गोष्ट हव्वाबीनं कुणाला न सांगता धरून ठेवली. यम्मा. आईचं नाव.

आता ती आखातात, अजमानला, नातू फैजच्या दोन खोल्यांत. फैजचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्सला. अर्धं आयुष्य शारजाच्या जाममध्ये चाललंय. एका शुक्रवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, तिनं त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. नमाज सोडायचा नव्हता तिला, कुठला मुलूखही नको होता. दफन झाल्यावर मौलवी कबरीशी बसून तलकीन वाचतात, मयताला आईचं नाव लावून हाक मारतात. तेव्हा आमिनाची लेक म्हणू नका, यम्माची लेक म्हणा, एवढंच मागणं. तिला शोधत आई कुठवर हाका मारत फिरली असेल. एकदा तरी ओ जायला नको?

फैजनं आधी उठून दार लावलं. युद्धाच्या बातम्या रोजच्या, बिल्डिंगमध्ये वीस देशांची माणसं, आणि व्हिसा कंपनीच्या हातात.

"दादी, हे कुणाला बोलायचं नाही. खलास."

बोटीवरचेच शब्द. फक्त पंजा नव्हता.

कोपऱ्यात फैजची लेक इन्शा होमवर्क करत होती. तिला शाळेत अरबी आहे. मान वर न करता ती म्हणाली, "बट दादी, दॅट्स नॉट अ नेम. यम्मा मीन्स मम्मी. माझ्या क्लासमधली इराकी गर्ल तिच्या मॉमला तेच म्हणते."

हव्वाबीनं फैजकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. त्यालाही ते माहीत होतं.

"मग तिचं नाव काय रे?"

सांगणार कोण? जगात कुणी उरलं नव्हतं. फैज समजूत काढू लागला, की आईचं नाव ठाऊक नसलं तरी अडत नाही, तिथं हव्वाचं नाव घेतात, सगळ्या माणसांच्या पहिल्या आईचं.

"म्हणजे हव्वाची लेक हव्वा," ती म्हणाली. "बोटीवर दिलेलंच नाव. दोनदा."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. फक्त इन्शा शाळेतून आली की विचारते, ती मुलगी यम्मा म्हणाली की तिची आई ओ देते का.

इन्शा बूट काढता काढता म्हणते, "ऑफ कोर्स, दादी."