बाराव्या पट्टीवरचा सूर

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी नुकताच ऑफिसातून आलो होतो. तो अकोल्यात शाळेत शिक्षक आहे, मी अमरावतीत असतो. अंतर फार नाही, पण आम्ही लग्नकार्यातच भेटतो.

"दादा, माही गिटार आहे ना अजून तुह्याजवळ? पोरगी शिकतो म्हणून राहिली. येशीन तवा घेऊन ये."

गिटार कपाटावर होती. बारा वर्षं तिथंच होती. त्यानं कधी मागितली नव्हती, मीही कधी दिली नव्हती.

द्यायची तर नीट करून द्यावी म्हणून नव्या तारा आणल्या. मी पेटी वाजवतो, त्यामुळे सूर जुळवणं मला जमतं. मोकळ्या सहाही तारा पेटीशी जुळवल्या, छान लागल्या. मग बोटं दाबून एक साधा कॉर्ड धरला आणि तो बेसूर निघाला. गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवरून बोट जितकं पुढे न्यावं, तितका सूर चढत होता. तारा नव्या आहेत, बसतील, असं वाटून दोन दिवस थांबलो. फरक पडला नाही. उन्हानं मान वाकली असेल म्हणून एका टोकाला डोळा लावून पाहिलं, मान सरळ होती. शेवटी मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप घेतलं. बाराव्या पट्टीवर तार नुसती शिवून सोडली की काटा मधोमध यायचा. तिथंच दाबून वाजवली की उजवीकडे, चढ्या बाजूला जायचा.

हा बेसूर माझ्या ओळखीचा होता. एवढंच तेव्हा जाणवलं. त्यापुढे मी विचार केला नाही.

आमची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात विहारांसमोर, मंडपांत आम्ही गायचो. पेटी माझ्याकडे होती आणि पार्टीही मीच चालवत होतो. भाऊ गिटार वाजवायचा. आमचे गायक काळी चारमध्ये गायचे, म्हणून तो चौथ्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा. सुरुवातीला सगळं बरोबर होतं. मग एका वर्षी त्याचे कॉर्ड पेटीच्या वर जाऊ लागले. मी दर कार्यक्रमाआधी गिटार स्वतःच्या हातानं जुळवून द्यायचो. तारा मी लावल्या आहेत, म्हणजे चूक बोटांचीच, असा माझा हिशेब होता.

तो एकदा म्हणाला, "दादा, तारा जड लागून राहिल्या. पयले अशा नोत्या."

मी म्हणालो, "रियाज करत नाही, अन् तारायले नावं ठेवतं."

बडनेऱ्याच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला मी पेटी थांबवली. माइक चालू होता. "तुले कानच नाही बे. ठेव ते गिटार. झांज घे." समोरचे लोक हसले. ढोलकीवालाही हसला. भावानं झांज घेतली आणि कार्यक्रम संपेपर्यंत वाजवली. त्यानंतर तो पार्टीत आला नाही, गिटार माझ्याकडेच राहिली. मी बोलवायला गेलो नाही.

अकोल्यात जुन्या शहरात पेटी आणि गिटार दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. भावाकडे जाण्याआधी गिटार त्यांना दाखवावी म्हणून सकाळची एसटी धरली. त्यांनी बाराव्या पट्टीवर बोट ठेवून दोनदा वाजवून पाहिलं, तारा आणि मान यांच्यातलं अंतर पाहिलं आणि तारा सैल केल्या. खाली ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी चिमट्यानं उपसली. खाचेतून दोन लाकडी चपट्या काड्या निघाल्या. कुल्फीच्या.

"ये कारीगरी किसकी?"

मी म्हणालो, "माही."

बडनेऱ्याच्या आधी चांदूर बाजारच्या मंडपात गिटारचा आवाज ढोलकीखाली दबला होता. तारा उंच केल्या की आवाज वाढतो, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. भाऊ कसल्याशा परीक्षेला बाहेरगावी गेला होता. मी काड्या कापल्या, फरशीवर घासल्या, त्या पांढऱ्या पट्टीखाली सरकवल्या. आवाज थोडा वाढला. त्याला सांगायचं राहिलं. नंतर मी ते विसरलो. खरंच विसरलो, पण हे लिहितानाही मला त्याचा आधार वाटत नाही.

चाचा म्हणाले, "तार ऊँची हुई तो दबाने में खिंचेगी, खिंचेगी तो सुर चढ़ेगा. पेटी बजाते हो क्या?"

"हो."

"तभी. पेटीवाले को लगता है, सुर एक बार बैठ गया तो हर जगह बैठ गया." ते हसले. "बजानेवाले का तो कोई कसूर ही नहीं था."

काड्या काढून पट्टी परत बसवली, तारा जुळवल्या. काटा बाराव्या पट्टीवरही मधोमध राहिला. काम फार वेळाचं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा भाऊ कूलरमध्ये पाणी भरत होता. पुतणीनं गिटार घेतली आणि आतल्या खोलीत गेली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काड्या, चांदूर बाजार, बडनेरा. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दुसऱ्याच कुणाची तक्रार वाचून दाखवावी तसं माझं बोलणं चाललं होतं.

त्यानं बादली पूर्ण रिकामी केली.

"हे कावून सांगतलं मले?"

"तुले मालूम असावं म्हणून."

"मले मालूम होतं का आपल्याले कान नाही. बारा वर्षं तेच मालूम होतं. शाळेत पोट्टे गाते तवा मी मांगं उभा रायतो, तोंड हालवतो नुसता. मले तरास नोता त्याचा." त्यानं बादली खाली ठेवली. "आता मी काय समजू?"

माफ कर म्हणायचं ठरवून गेलो होतो, ते म्हटलंच नाही.

"जेवून जाशीन ना?" तो म्हणाला.

आतून पुतणीनं तारा छेडल्या. "बाबा, पाहा ना, सूर बराबर आहे का?"

तो दारापर्यंत गेला. तिथं उभा राहून त्यानं ऐकलं असावं. मग म्हणाला, "मोठ्या बाबाले विचार. त्यायले समजते."

सूर बरोबर होता. पुतणी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "तुह्या बाबाले सांगू दे आधी." पण तो रिकामी बादली घेऊन नळाकडे निघून गेला होता, आणि नळ मोठा सोडल्याचा आवाज येत होता.